गव्हाची बिअर: आधी यीस्ट मोजा

बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा पेला नाकाशी नेला की आधी पिकलेल्या केळ्याचा आणि मागोमाग लवंगेचा वास येतो. बिअरमध्ये केळं नसतं आणि लवंगही नसते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, त्यामुळे तिथला वास कुठून आला ते सरळ बोट ठेवून दाखवता येतं. बव्हेरियन बिअरमध्ये गव्हाचं आणि बार्लीचं माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट एवढाच कारभार असतो. पुण्यात 2009 साली डूलॅलीने भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू केली, 2014 च्या सुमारास डोंबिवलीत गेटवे ब्रूइंग कंपनीची बिअर तयार होऊ लागली आणि तिची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बिअर केगमधून मुंबईच्या रेस्टॉरंटांत जाऊ लागली. तेव्हापासून आपल्याकडे या बिअरची चर्चा पुष्कळ होते, पण ती बहुतेक माल्ट कुठून आणलं, पाणी कसलं, हॉप्स कुठल्या देशाचे, इथेच अडकते. माझं म्हणणं असं की या बिअरची खरी कृती यीस्टच्या तयारीत आहे. माल्टमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तरी बिअर पिण्याजोगी राहते. यीस्ट दुबळं किंवा अपुरं पडलं तर उत्तम माल्टही वाया जातं. म्हणून स्टार्टर, म्हणजे मुख्य बिअरच्या एक-दोन दिवस आधी थोड्याशा माल्टच्या पाण्यात वाढवून घेतलेलं यीस्ट, हे अंदाजाने उरकायचं काम नव्हे. ते मोजून करायचं काम आहे.

हे पटायचं असेल तर त्या दोन वासांच्या मुळाशी जायला हवं. लवंगेचा वास 4-व्हिनाइल ग्वायकॉल नावाच्या द्रव्याचा. गहू आणि बार्लीच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल असतं. माल्ट पाण्यात भिजवताना तापमान काही वेळ 43 ते 45 अंश सेल्सिअसला धरलं तर हे आम्ल अधिक सुटं होतं, आणि यीस्ट पुढे त्याचं 4-व्हिनाइल ग्वायकॉल करतं. हे काम सगळ्या यीस्टना जमत नाही. बिअरसाठी शतकानुशतकं वापरल्या गेलेल्या बहुतेक वाणांत त्यासाठी लागणारी जनुकं निकामी झालेली आढळतात, कारण इतर बिअरांत हा वास दोष समजला गेला आणि तो देणारी यीस्ट मागे पडत गेली. गव्हाच्या बिअरच्या यीस्टमध्ये ती जनुकं शाबूत आहेत. केळ्याचा वास आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेटचा. ते यीस्टच्या पेशीतच एका विकराच्या मदतीने तयार होतं, आणि तो विकर किती काम करणार हे प्राणवायू, तापमान, साखरेचं प्रमाण आणि पेशींना किती वेळा दुभंगून वाढावं लागलं यावर ठरतं. म्हणजे लवंगेचा थोडाफार हिशेब माल्ट भिजवताना करता येतो, केळ्याचा हिशेब मात्र जवळजवळ सगळा यीस्टच्या तब्येतीवर सोपवलेला असतो. एकाच वाणाची दोन पाकिटं, एक ताजं आणि एक उन्हात तापलेलं, सारख्याच वर्टमध्ये घातली तर दोन वेगळ्या बिअर हाती येतात. (वर्ट म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून, गाळून, हॉप्ससह उकळलेलं गोड पाणी.)

बिअर बनवणाऱ्यांना हे उमगायला फार काळ लागला. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध शुद्धता आज्ञेत पाणी, बार्ली आणि हॉप्स यांचीच नावं आहेत. यीस्टचा उल्लेख नाही, कारण आधीच्या भांड्यातला फेस किंवा गाळ पुढच्या भांड्यात घातला की काम होतं एवढंच तेव्हा ठाऊक होतं. पाश्चरने 1876 मध्ये बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर बिघडण्यामागे परके जीवाणू असतात हे दाखवलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेनने 1883 मध्ये त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. दोष फक्त जीवाणूंचा नसतो, चांगल्या यीस्टमध्ये घुसलेलं रानटी यीस्टही बिअर कडवट आणि गढूळ करतं, हे त्याने ओळखलं, आणि एकाच पेशीपासून सगळं यीस्ट वाढवण्याची पद्धत बसवली. कार्ल्सबर्गने ते शुद्ध यीस्ट दुसऱ्या ब्रुअरींनाही दिलं. आज बाजारात मिळणारं यीस्टचं प्रत्येक पाकीट त्या कामाचं वारस आहे. पण शुद्धता ही निम्मी बाजू झाली. उरलेली निम्मी बाजू संख्येची, आणि घरगुती पातळीवर बिअर बनवणारे तिच्याकडेच पाठ फिरवतात.

संख्येचं गणित अवघड नाही. एल जातीच्या बिअरला, आणि गव्हाची बिअर त्याच जातीतली, दर मिलीलिटरला वर्टच्या दर प्लेटो अंशामागे सुमारे साडेसात लाख जिवंत पेशी लागतात असा जुना आणि व्यवहारात टिकलेला दंडक आहे. प्लेटो अंश म्हणजे 100 ग्रॅम वर्टमध्ये किती ग्रॅम विरघळलेला माल आहे त्याचा आकडा. गव्हाच्या बिअरला तो 12 च्या आसपास असतो. 20 लिटर वर्ट म्हणजे 20,000 मिलीलिटर. त्याला 12 ने आणि साडेसात लाखांनी गुणलं की 180 अब्ज येतात. द्रवरूप यीस्टचं एक पाकीट कारखान्यातून निघताना साधारण 100 अब्ज पेशी घेऊन निघतं, म्हणजे अगदी ताजं असलं तरी अपुरं. शिवाय फ्रीजमध्ये नीट ठेवलं तरी दर महिन्याला साधारण पाचवा हिस्सा पेशी मरतात असं धरून चालतात, म्हणजे दोन महिन्यांनी 60 ते 65 अब्ज उरल्या. हे थंड देशातलं गणित. मे महिन्यात कल्याणच्या एखाद्या गोदामात कुरियरच्या पेटीत दोन दिवस पडून राहिलेल्या पाकिटाला ते लागू होत नाही. यीस्टसाठी शीतसाखळी कुठेतरी तुटली, तर पाकिटावरची तारीख फक्त ते केव्हा भरलं एवढंच सांगते. आत किती जिवंत आहे ते सांगत नाही. आपल्या हवेत स्टार्टर अधिक गरजेचा ठरतो तो या कारणाने. तो पेशींची संख्या वाढवतो, आणि त्याआधी पाकीट जिवंत आहे की नाही याची चाचणीही घेतो. विरजण लावण्याआधी ते फार आंबट किंवा बुरसटलेलं तर नाही ना हे पाहतात, तेच काम इथे स्टार्टर करतो.

स्टार्टरची कृती थोडक्यात अशी. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टची भुकटी, म्हणजे घनता 1.037 च्या आसपास. याहून दाट करू नये. गोडी जास्त झाली की पेशींवर ताण येतो, आणि इथे आपल्याला दारू बनवायची नसते, पेशी सुदृढ करायच्या असतात. 15 मिनिटं उकळायचं, झाकून 22 ते 24 अंशांपर्यंत थंड करायचं आणि मग यीस्ट घालायचं. 2 लिटर स्टार्टरला 2 लिटरचं शंकूपात्र चालत नाही, कारण गव्हाच्या यीस्टचा फेस दांडगा असतो आणि तोंडावरचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद उचलून ओट्यावर उतू जातो. भांडं निदान 3 लिटरचं हवं. खाली चुंबकीय ढवळणी असली तर हवा सतत आत खेळते. हवेचा उपयोग लोक चुकीचा समजतात. प्राणवायू मिळाला की यीस्ट श्वसन करून भराभर वाढतं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. पण इतक्या साखरेत सॅकरोमायसिस, म्हणजे हेच यीस्ट, प्राणवायू असतानाही किण्वनच करतं. प्राणवायू त्याला लागतो तो स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवायला, म्हणजे पेशीचं आवरण लवचीक ठेवायला. ते आवरण पुढच्या पिढ्यांत वाटलं जातं. साठा अपुरा असेल तर तीन-चार दुभंगांनंतर लेकी पेशी दुबळ्या निघतात, साखर अर्धी सोडून झोपी जातात, आणि बिअर गोडसर, जड राहते. गरम हवेत अडचण आणखी एक: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे ठाण्याच्या उन्हाळ्यात तीच ढवळणी कमी काम करते.

24 ते 36 तासांनी स्टार्टरचा रंग पातळ चहावरून दुधाळ पिवळट होतो, फेस खाली बसतो. इथून पुढचं पाऊल गव्हाच्या यीस्टबाबत वेगळं आहे, आणि सर्वसाधारण पुस्तकी सल्ला इथे फसवतो. सल्ला असा असतो: भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, यीस्ट तळाशी बसेल, वरचं पाणी ओतून टाका. पण गव्हाच्या बिअरचं यीस्ट गोळा होऊन बसायला नाखूश असतं. त्या बिअरचा गढूळपणा काही अंशी त्याचाच. एका रात्रीत वरचं पाणी ओतून टाकलं तर त्यात तरंगणाऱ्या लाखो-कोटी पेशी मोरीत जातात, आणि तळाशी राहतात त्या बसायची सवय असलेल्या पेशी. हेच तीन-चार वेळा केलं, उरलेलं यीस्ट पुढच्या स्टार्टरला वापरलं, तर हळूहळू वाणाचा स्वभावच आपण बदलून टाकतो. तेव्हा एक तर फ्रीजमध्ये दोन दिवस धीर धरावा, नाही तर स्टार्टर आकाराने लहान ठेवून फेस ऐन भरात असताना सगळाच्या सगळा वर्टमध्ये सोडावा. मला दुसरा मार्ग अधिक पटतो. वेळ वाचतो, आणि पेशी भुकेल्या अवस्थेत न जाता कामाच्या भरात जातात.

मग मोजायचं कसं? ठाण्याचं बांदोडकर महाविद्यालय असो की कल्याणचं बिर्ला महाविद्यालय, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत यासाठी लागणारं साधन ठरलेलं असतं: हिमोसायटोमीटर नावाची काचपट्टी, ज्याने रक्तपेशीही मोजतात, आणि मिथिलीन ब्लू हा रंग. काचपट्टीवर 1 मिलिमीटर बाजूचा चौकोन 25 घरांत कोरलेला असतो आणि त्यावर ठेवलेल्या झाकणकाचेखाली द्रवाची जाडी बरोबर 0.1 मिलिमीटर राहते. म्हणजे त्या सगळ्या 25 घरांत मिलीलिटरचा दहा हजारावा भाग मावतो. स्टार्टर नीट हलवून त्याचा 1 भाग घ्यायचा, त्यात 9 भाग मिथिलीन ब्लूचं पाणी घालायचं आणि थेंब काचपट्टीवर सोडायचा. जिवंत पेशी रंगाचं रूपांतर करून स्वतः पांढुरक्या राहतात, मेलेल्या निळ्या पडतात. चार कोपऱ्यांतली आणि मधलं अशी पाच घरं मोजली आणि 200 पेशी दिसल्या, त्यांतल्या 20 निळ्या, असं समजू. पंचवीस घरांत 1000. दहा हजाराने गुणून पातळ केलेल्या द्रवात मिलीलिटरमागे 1 कोटी, दहापट पातळ केलं म्हणून मूळ स्टार्टरमध्ये 10 कोटी. निळ्या 10 टक्के वजा केल्या की 9 कोटी जिवंत. 2 लिटर स्टार्टर असेल तर 180 अब्ज. वर वर्टसाठी काढलेला आकडा हाच होता. इतक्या मोजणीला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात पुढच्या दोन आठवड्यांचं भवितव्य कळतं.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो, आणि तो वजनदार आहे. यीस्ट कमी घातलं तर पेशींना जास्त वाढावं लागतं, वाढताना एस्टर (आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट त्यांतलंच) जास्त बनतात, म्हणजे केळ्याचा वास जास्त. मग गव्हाच्या बिअरला स्टार्टर करून आपण तिची ओळखच पुसत नाही का? यात तथ्य आहे, म्हणूनच काही ब्रुअर या बिअरला दंडकापेक्षा थोडं कमी यीस्ट मुद्दाम घालतात. पण ‘थोडं कमी’ हे आकड्याशिवाय साधत नाही. 180 ऐवजी 120 अब्ज सुदृढ पेशी घालणं ही निवड झाली. 180 घातल्याचा समज करून घेऊन 40 अब्ज थकलेल्या पेशी घालणं हा जुगार झाला. शिवाय वाढीचा आणि एस्टरचा संबंध सरळ रेषेतला नाही. वाढणारी पेशी तोच कच्चा माल, अ‍ॅसिटाइल कोएन्झाइम-ए, मेदाम्लं बनवायलाही वापरते. म्हणून यीस्ट कमी केल्यावर एस्टर वाढलेच असा अनुभव प्रत्येक वाणात येत नाही. वाढतात ते बहुधा जड मद्यार्क, ज्यांचा वास उग्र, स्पिरिटसारखा येतो. केळ्याचा वास वाढवायचा असेल तर तापमान एक-दोन अंश चढवणं किंवा वर्टमध्ये हवा थोडी कमी घालणं हे अधिक भरवशाचे मार्ग आहेत, आणि तेही पेशींची संख्या ठाऊक असेल तरच पडताळून पाहता येतात.

दुसरा आक्षेप: कोरडं यीस्ट वापरा, स्टार्टरची भानगडच नको. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. कोरडं यीस्ट कारखान्यातच स्टेरॉल आणि साठ्याची शर्करा भरून वाळवलेलं असतं, त्याचा स्टार्टर करणं म्हणजे तो साठा फुकट उधळणं. एका ग्रॅममध्ये अब्जावधी पेशी असतात आणि उष्णतेत ते द्रव यीस्टपेक्षा पुष्कळ अधिक टिकतं. आपल्या हवेत नवशिक्याने त्यानेच सुरुवात करावी. पण कोरड्या स्वरूपात गव्हाच्या बिअरचे वाण मोजके आहेत. त्यांतला एक प्रसिद्ध वाण, डब्ल्यूबी-06, पिष्टाचे जे तुकडे इतर यीस्ट सोडून देतात तेही पचवतो. परिणामी बिअर फार कोरडी होते, आणि किण्वन पुरं होण्याआधी बाटलीत भरली तर बाटलीत दाब वाढत राहतो. वाणाची खरी निवड हवी असेल तर द्रव यीस्टकडे आणि म्हणून स्टार्टरकडे यावंच लागतं.

आमच्याकडे उकाडाच इतका की काहीही आपोआप आंबतं, स्टार्टर कशाला, असंही ऐकू येतं. वेगाने आंबणं आणि नीट आंबणं यांत मोठं अंतर आहे. गव्हाच्या यीस्टला 17 ते 22 अंश मानवतात. 30 अंशांच्या खोलीत ठेवलेल्या भांड्यात किण्वनाची स्वतःची उष्णता मिळून तापमान त्याच्याही वर जातं. त्याच वेळी हवेतले लॅक्टिक आणि अ‍ॅसिटिक आम्लाचे जीवाणू त्या उकाड्याचा फायदा आधी घेतात. स्टार्टरच्या पाण्यात हॉप्सही नसतात, ज्यांची कडू द्रव्यं पुष्कळ जीवाणूंना रोखतात. पहिले बारा तास मैदान कोणाच्या ताब्यात जातं यावर सगळं अवलंबून असतं, आणि ते यीस्टने जिंकायचं तर त्याची फौज आधीच मोठी हवी. स्टार्टरचा वास घ्यावा: ब्रेडसारखा, थोडा फळांचा असेल तर ठीक, शिर्क्याचा असेल किंवा वर सुरकुतलेली साय धरली असेल तर सगळं ओतून द्यावं, वाचवायच्या फंदात पडू नये.

सगळ्यात मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती वळसा घालून टाळण्यासारखी नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, आताचा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय दारू बनवायला मनाई करतो. त्यात बिअर आली, आणि घरच्यापुरती बनवली ही सबब चालत नाही. नीट पाहिलं तर दोन दिवसांचा स्टार्टर हीच एक पातळ बिअर असते. ठाणे जिल्ह्याला या कायद्यांचा इतिहास नवा नाही. इंग्रज सरकारने 1892 मध्ये मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी, म्हणजे घरोघरी दारू गाळणं थांबवण्यासाठी थेट कच्च्या मालावरच हात टाकला. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून मुभा मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत, आणि 2013 पर्यंत सगळ्या राज्यांनी तिला वाट करून दिली. तिथल्या मराठी घरांना वर लिहिलेलं सगळं उद्या करून पाहता येईल. डोंबिवलीत ते परवाना असलेल्या ब्रुअरीतच होऊ शकतं. पण म्हणून ही विद्या इथे निरुपयोगी ठरत नाही. किराणा दुकानातलं पावाचं कोरडं यीस्ट हेही सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच आहे. चिमूटभर यीस्ट कोमट पाण्यात भिजवून, मिथिलीन ब्लू घालून काचपट्टीवर मोजायला कोणताही परवाना लागत नाही. ताजं पाकीट आणि उन्हात महिनाभर ठेवलेलं पाकीट शेजारी शेजारी मोजणं हा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यालाही झेपेल असा प्रयोग आहे, आणि पाव का फुगला नाही याचं उत्तरही त्यातच सापडतं. मायक्रोब्रुअरींना हाताखाली घ्यायला माणसं हवी असतात. मोजता येणारा मुलगा किंवा मुलगी त्यांना चकचकीत भांड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

ज्यांना कायद्याने गव्हाची बिअर घरी बनवता येते त्यांनी खर्चाचा क्रम बदलावा, एवढंच सुचवतो. मोठं स्टीलचं भांडं आणि माल्ट दळायची चक्की मागून घेतली तरी चालेल. आधी 400 पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, एक हिमोसायटोमीटर आणि तापमान धरून ठेवणारा जुना फ्रीज घ्यावा.